प्रतिपिंड-विष चिकित्सा
ल्यूकेमियातील विकृत कोशिकांवरील प्रतिजन ओळखणाऱ्या प्रतिपिंडास विष जोडून ते नेमके त्यांच्यापर्यंत पोहोचविण्याची पद्धती. तिचे मूळ पाउल एर्लिख यांच्या ‘जादूची गोळी’ या कल्पनेत आहे. मातीतील सूक्ष्मजंतूपासून मिळणारे कॅलिकिॲमायसीन वाहून नेणाऱ्या जेमटुझुमॅब ओझोगॅमायसीन या औषधास अमेरिकेत २००० मध्ये मान्यता मिळाली. लाभ सिद्ध न होता प्रारंभिक मृत्यू अधिक आढळल्याने २०१० मध्ये ते तेथील बाजारातून मागे घेण्यात आले. मात्रा घटवून व विभागून देण्याच्या रीतीने २०१७ मध्ये ते पुन्हा मान्य झाले. लक्ष्य अचूक असले, तरी मात्रेचा विवेक सुटत नाही, हे यातून दिसले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने व टाटा मेमोरियल सेंटरने विषाऐवजी रुग्णाच्याच टी-कोशिकांवर प्रतिपिंडाचा लक्ष्यवेधी अंश जनुकाद्वारे बसविला. या ‘नेक्सकार१९’ उपचारास भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली.