बॅरा विमानतळ

बॅरा विमानतळ : स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आउटर हेब्रिडीज द्वीपमालिकेच्या दक्षिण टोकाजवळ असलेल्या बॅरा बेटावरचा लहान विमानतळ. भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या पुळणीवर नियमित प्रवासी विमाने उतरतात, असा जगातला हा एकमेव विमानतळ मानला जातो. बेटाच्या उत्तर भागातील या पुळणीचे गेलिक भाषेतील नाव ‘त्राय वोर’, म्हणजे थोरली पुळण.

धावपट्ट्या तीन आहेत. टोकांना रोवलेले लाकडी खांब हीच त्यांची खूण. तिन्हींच्या दिशा वेगळ्या असल्यामुळे वारा पाहून वैमानिक पट्टी निवडतो. सर्वांत लांब पट्टी ८४६ मीटरची. भरती आली की तिन्ही बुडतात. पाणी ओसरल्यावर ओली वाळू पायाखाली किती घट्ट लागते, हे कोकणातल्या पुळणीवरून चाललेल्याला सांगावे लागत नाही. येथे तर वाळूत शिंपल्यांचा चुराही मिसळलेला आहे. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे विमानांचे वेळापत्रक ओहोटी पाहूनच आखावे लागते. शिंपल्या वेचणारे लोक याच वाळूत दाताळी घेऊन बसतात. वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा खांबावर चढलेला दिसला की विमानाची वेळ झाली असे समजायचे आणि पुळण मोकळी करायची, हा येथला शिरस्ता. तशी पाटीही लावलेली आहे.

येथे पहिले विमान १९३३ मध्ये उतरले. विमानतळ म्हणून अधिकृत मान्यता १९३६ मध्ये मिळाली. युद्धोत्तर काळात ब्रिटिश युरोपियन एअरवेजची विमाने येत. १९७०च्या दशकापासून ही वाहतूक लोगनएअर कंपनीकडे आली. ग्लासगोहून येणारे ट्विन ऑटर हे १९ आसनांचे विमान थोडक्या जागेत उतरते आणि उडते. या पुळणीला तेच सोसते.

बॅराची वस्ती हजार-बाराशेची. मुख्य भूमीवरील ओबन बंदरातून बोटीने येथे यायला पावणेपाच तासांच्या आसपास लागतात, विमानाने ग्लासगोहून सव्वा तास. म्हणून सरकार या मार्गाला अनुदान देते. पर्यटक वाळूवरचे उतरणे अनुभवायला येतात, पण या विमानतळाचे खरे मोल आजाऱ्याच्या घरच्यांना विचारावे. बेटावर मोठे रुग्णालय नाही. एरवी येथे दिवसाउजेडीच उड्डाणे होतात. रात्री तातडीची वेळ आली, तर वाळूवर प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या अंथरतात, मोटारींचे दिवे धावपट्टीवर रोखतात आणि त्या उजेडात विमान उतरवतात.

‘व्हिस्की गलोर’ या कादंबरीचे लेखक कॉम्प्टन मॅकेन्झी यांचे घर या पुळणीलगतच होते. १९७२ मध्ये एडिंबरोत त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे शव विमानाने येथेच आणले. त्यांचे स्नेही, वयोवृद्ध वादक कॅलम जॉन्स्टन यांनी भर पावसात बॅगपाइप वाजवत शवाची सोबत केली आणि दफनाच्या वेळी ते स्वतःही कोसळून मरण पावले.