अकलूजची ‘सेत्ते’, इटलीची घराणी आणि आपला ऊस

तांबडा-पांढरा म्हटलं की कोल्हापूरकराला रस्साच आठवतो. आज मात्र दुसऱ्या तांबड्यावर लिहितोय. पोस्ट जरा लांब आहे, सवडीनं वाचा.

सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात मोटेवाडी आहे. अकलूजच्या जवळ. तिथं ‘फ्रातेल्ली’ नावाची वायनरी आहे. इटालियन भाषेत फ्रातेल्ली म्हणजे भाऊ-भाऊ. भावांच्या तीन जोड्यांनी मिळून हा उद्योग उभा केला : इटलीचे सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू. वाइन करायला टस्कनीहून पिएरो मासी आले. सहा भाऊ आणि सातवे मासी, म्हणून त्यांच्या सगळ्यात नावाजलेल्या तांबड्या वाइनचं नाव ‘सेत्ते’. सेत्ते म्हणजे सात. सांज्योवेसे आणि काबर्ने सोव्हिन्यों या दोन द्राक्षांचं मिश्रण, ओकच्या पिंपात मुरवलेलं.

हे मिश्रण मोटेवाडीत सुचलेलं नाही. त्याचा इतिहास टस्कनीतला. तिथलं अंतिनोरी घराणं १३८५ पासून वाइनच्या धंद्यात आहे, सव्वीस पिढ्या झाल्या. म्हणजे शिवरायांच्या जन्माआधी जवळजवळ अडीचशे वर्षं! क्यांती वाइनची हद्द तिथल्या राजानं १७१६ सालीच फर्मान काढून ठरवली होती. पुढं विसाव्या शतकात सरकारी नियम आला, की क्यांती म्हणून विकायची तर तांबड्यात पांढरी द्राक्षं घातलीच पाहिजेत. पिएरो अंतिनोरींना ते पटलं नाही. १९७१ पासून त्यांनी ‘तिन्यानेल्लो’ ही वाइन क्यांतीचं नाव सोडून साधी ‘टेबल वाइन’ म्हणून विकली. १९७५ ला पांढरी द्राक्षं पार काढून टाकली, काबर्ने घातली. कायद्यानं सगळ्यात खालच्या दर्जाची, आणि भाव मात्र सगळ्यात वरचा. अशा वाइनना जगानं ‘सुपर टस्कन’ म्हटलं. सेत्ते त्याच वळणाची.

या घराण्यांच्या गोष्टी ऐकायला लई भारी वाटतात. पण बागेत राबत कोण होतं? टस्कनीत शतकानुशतकं ‘मेत्साद्रिया’ पद्धत होती. आपल्याकडची अर्धेलीच म्हणा ना. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, पीक निम्मं-निम्मं. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळं शहरातल्या कारखान्यांकडं निघून गेली आणि १९६४ च्या कायद्यानं असे नवे करार बंद झाले. तिन्यानेल्लो त्यानंतरची. कुळं गेली, मालकाला पगारी मजूर लावून शेती नव्यानं मांडावी लागली, त्या धडपडीच्या काळातली ही वाइन. बाटलीवरच्या लेबलावर हे छापत नाहीत.

आपल्याकडं कूळकायदा आला, १९५७ चा कृषक दिन आला, १९६१ ला सीलिंग आलं. त्यामुळं इटलीसारखी जमीन धरून बसणारी घराणी इथं टिकली नाहीत. माझं मत विचाराल तर घराण्यांची सत्ता संपली नाही, जमिनीवरून उठून साखर कारखान्यावर जाऊन बसली. अकलूजला शंकरराव मोहिते-पाटलांनी सहकारी कारखाना उभा केला, त्याच घराण्याची पुढची पिढी वाइनमध्ये आली. आपल्या जिल्ह्यातली उदाहरणं मी सांगायला नकोत, तुम्हाला पाठ आहेत.

पण ऊस आणि वाइनचं द्राक्ष यात एक मोठा फरक आहे, आणि ही पोस्ट लिहायचं कारण तेच. उसाला एफआरपी आहे. ऊस घालणारा सभासद असतो, वार्षिक सभेत माईक ओढून घेतो, दर पटला नाही तर रस्त्यावर ट्रॅक्टर अडवतो. वाइनच्या द्राक्षाला एफआरपी नाही. कंपनी स्वतःच्या मळ्यातलं पिकवते, नाहीतर शेतकऱ्याशी करार करते. शेतकऱ्याचा खर्च मात्र चुकत नाही. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळ्यानंतर फळछाटणी, मध्ये औषधांची फवारणी. आणि कंपनीनं माल उचलला नाही तर? हे द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं. बाजारात खायला कोण घेत नाही. तासगावला बेदाण्याला न्यावं तर तिथं बिनबियांचंच चालतं.

हे कल्पनेतलं नाही. नारायणगावला श्यामराव चौगुलेंनी इंडेज काढली, ऐंशीच्या दशकात फ्रेंच तंत्रानं फेसाळती वाइन केली, परदेशात विकली. २००८ च्या मंदीनंतर ती कंपनी कर्जात बुडाली. त्या दिवसांत मागणीच पडली आणि नाशिककडं कित्येकांनी वाइनच्या बागा काढून टाकल्या. २००१ च्या धोरणानंतर विंचूरला आणि आपल्या शेजारी पलूसला वाइन पार्क झाले. पलूसचं आज काय चाललंय, ते जाऊन बघा.

२७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळानं हजार चौरस फुटांवरच्या दुकानांत वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. ‘मद्यराष्ट्र’ म्हणून विरोधकांनी रान उठवलं, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, निर्णय बारगळला. सरकार म्हणत होतं शेतकऱ्यासाठी, विरोधक म्हणत होते संस्कृतीसाठी. करारात टनाला किमान दर काय लिहायचा, माल नाकारला तर भरपाई कोण देणार, यावर त्या गदारोळात कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

पलूस, तासगाव, मिरजेकडच्या कुणी त्या काळात वाइनची द्राक्षं लावली होती का? करारात काय लिहिलं होतं आणि हातात दर किती पडला, ते खाली लिहा.