ॲडव्हान्स वॉर्स

ॲडव्हान्स वॉर्स हा गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरून खेळावयाच्या कन्सोलसाठी तयार करण्यात आलेला, पाळीपाळीने खेळला जाणारा रणनीतीप्रधान व्हिडिओ गेम आहे. जपानमधील इंटेलिजंट सिस्टिम्स या कंपनीने तो विकसित केला व निन्टेन्डोने प्रकाशित केला. १० सप्टेंबर २००१ रोजी तो उत्तर अमेरिकेत प्रथम विक्रीस आला. १९८८ मध्ये जपानमध्ये सुरू झालेल्या ‘वॉर्स’ मालिकेतील जपानबाहेर प्रकाशित झालेला हा पहिला खेळ होय.

मोजके व स्पष्ट नियम, त्यांतून निर्माण होणारी डावपेचांची विविधता आणि नवशिक्या खेळाडूस क्रमाक्रमाने शिकवण्याची पद्धत यांमुळे हातातील कन्सोलवरील रणनीती खेळांमध्ये या खेळास महत्त्वाचे स्थान आहे. युद्ध हा विषय हलक्याफुलक्या, कार्टूनसदृश रूपात मांडणाऱ्या या खेळाचे प्रकाशन २००१ मध्ये आणि त्याच्या नव्या आवृत्तीचे प्रकाशन २०२२ मध्ये प्रत्यक्ष जगातील हिंसक घटनांमुळे लांबणीवर पडले.

पार्श्वभूमी

सैन्याची निरनिराळी अंगे चौकटींच्या पटावर मांडून डाव खेळण्याची परंपरा जुनी आहे. हत्ती, घोडे, रथ व पायदळ या चार अंगांवरून नाव मिळालेला चतुरंग हा प्राचीन भारतीय खेळ आजच्या बुद्धिबळाचा पूर्वज मानला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी ‘क्रीग्जश्पील’ हा युद्धखेळ वापरला जाऊ लागला. त्यात भूप्रदेशाचा परिणाम, अपुरी माहिती आणि फाशांद्वारे येणारी अनिश्चितता यांचा समावेश होता. हे तिन्ही घटक ॲडव्हान्स वॉर्समध्येही आढळतात. मात्र त्यांची आकडेमोड खेळाडूऐवजी यंत्र करते.

वॉर्स मालिकेतील पहिला खेळ ‘फॅमिकॉम वॉर्स’ १९८८ मध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती कन्सोलवर आला. १९९१ मध्ये ‘गेम बॉय वॉर्स’द्वारे ही मालिका हातातील कन्सोलवर आली. हे व त्यानंतरचे काही खेळ केवळ जपानमध्ये उपलब्ध होते. २००१ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्स बाजारात आल्यानंतर या मालिकेचे रूप नव्याने घडवण्यात आले.

खेळाचे स्वरूप

खेळाचा पट म्हणजे चौकोनी घरांमध्ये विभागलेला नकाशा होय. प्रत्येक खेळाडू आपल्या पाळीत सर्व तुकड्या हलवू शकतो, हल्ला करू शकतो व नव्या तुकड्या तयार करू शकतो. सर्व खेळाडूंची एकेक पाळी झाली की खेळातील एक ‘दिवस’ पूर्ण होतो. शत्रूच्या सर्व तुकड्या नष्ट करणे किंवा त्याचे मुख्यालय ताब्यात घेणे हे विजयाचे दोन नेहमीचे मार्ग आहेत. काही मोहिमांमध्ये ठरावीक दिवस टिकून राहणे यांसारख्या वेगळ्या अटी असतात.

अर्थव्यवस्था

ताब्यातील प्रत्येक शहर, कारखाना, विमानतळ व बंदर दर दिवशी १,००० इतका निधी मिळवून देते. इमारती ताब्यात घेण्याचे काम केवळ पायदळाच्या दोन प्रकारच्या तुकड्या करू शकतात. प्रत्येक इमारतीचे २० गुण असतात आणि तुकडीची जेवढी शक्ती शिल्लक असेल तेवढे गुण दर दिवशी कमी होतात. पूर्ण १० शक्तीची तुकडी दोन दिवसांत शहर जिंकते, तर निम्मी शक्ती उरलेल्या तुकडीस चार दिवस लागतात. त्यामुळे सर्वांत स्वस्त असलेले पायदळ शेवटपर्यंत मोलाचे राहते. केवळ रणगाडे उभारणाऱ्या खेळाडूचे उत्पन्न वाढत नाही आणि कालांतराने तो मागे पडतो.

तुकड्या

खेळात जमीन, आकाश व समुद्र मिळून १८ प्रकारच्या तुकड्या आहेत. त्यांपैकी काहींची किंमत व उपयोग पुढीलप्रमाणे :

- पायदळ (१,०००) : इमारती ताब्यात घेणे, नद्या व डोंगर ओलांडणे.
- रॉकेट लाँचर बाळगणारे पायदळ (३,०००) : हालचाल मंद, परंतु रणगाड्यांविरुद्ध उपयुक्त.
- टेहळणी गाडी (४,०००) : वेगवान, दूरवरचे दिसते.
- तोफ (६,०००) : दोन ते तीन घरांवरून मारा.
- रणगाडा (७,०००) : समोरासमोरच्या लढाईचा कणा.
- विमानवेधी गाडी (८,०००) : हेलिकॉप्टर व पायदळ या दोहोंचा नाश.
- बाँबफेकी विमान (२२,०००) : जमिनीवरील व समुद्रातील लक्ष्यांवर प्रभावी, परंतु लढाऊ विमानांपुढे असहाय.
- युद्धनौका (२८,०००) : दोन ते सहा घरांवरून मारा, सर्वांत महाग तुकडी.

कोणतीही तुकडी सर्वांवर भारी ठरत नाही. समुद्रात पाणबुडी युद्धनौकेस धोकादायक असते, क्रूझर पाणबुडीस शोधून नष्ट करते आणि युद्धनौका क्रूझरवर मात करते. तोफा व रॉकेट यांसारख्या दुरून मारा करणाऱ्या तुकड्यांना एकाच पाळीत हालचाल व मारा या दोन्ही गोष्टी करता येत नाहीत. त्या कोठे उभ्या राहतील व त्यांच्यापुढे संरक्षणासाठी कोण असेल, याचा विचार एक-दोन दिवस आधी करावा लागतो.

तुकडीची शक्ती घटली की तिचा माराही त्याच प्रमाणात दुबळा होतो. दोन समान रणगाड्यांच्या लढतीत पहिला वार करणारा समोरच्याची सुमारे निम्मी शक्ती हिरावून घेतो आणि उलट येणारा मारा तितकाच सौम्य होतो. यामुळे शत्रूच्या पल्ल्याच्या नेमके एक घर बाहेर थांबणे आणि त्याला पुढे येण्यास भाग पाडणे हा या खेळातील मूलभूत डावपेच ठरतो.

भूप्रदेश व धुके

रस्त्यावरील तुकडीस कोणतेही संरक्षण नसते. मैदान, जंगल, शहर व डोंगर यांवर ते चढत्या क्रमाने वाढते. जंगलातून गाड्यांची गती मंदावते, तर डोंगरावर केवळ पायदळ चढू शकते. ‘युद्धातील धुके’ असलेल्या नकाशांवर आपल्या तुकड्यांच्या दृष्टिपल्ल्याबाहेरील शत्रू दिसत नाही आणि जंगलात दडलेली तुकडी शेजारच्या घरात गेल्याशिवाय उघड होत नाही. अशा वेळी डोंगरमाथ्यावर चढवलेली पायदळाची एक तुकडी महागड्या रणगाड्यापेक्षा अधिक उपयोगी पडू शकते.

इंधन व दारूगोळा मर्यादित असतो. इंधन संपलेले विमान कोसळते व जहाज बुडते. ताब्यातील शहरांमध्ये जमिनीवरील तुकड्यांची दुरुस्ती होते, तर चिलखती वाहतूक गाडी शेजारच्या तुकड्यांना रसद पुरवते.

सेनापती

प्रत्येक सैन्याचे नेतृत्व एक सेनापती करतो. त्याच्या गुणदोषांचा परिणाम सर्व तुकड्यांवर होतो आणि लढाईत भरत जाणारा मापक पूर्ण झाला की त्याला एक विशेष शक्ती वापरता येते. अँडी सर्व तुकड्यांची काही प्रमाणात दुरुस्ती करतो. मॅक्सच्या समोरासमोर लढणाऱ्या तुकड्या बलवान असतात, पण त्याच्या तोफांचा पल्ला कमी असतो. ग्रिटचे नेमके उलट असते. सॅमीचे पायदळ इमारती लवकर जिंकते. कानबेईच्या तुकड्या अधिक समर्थ, पण महाग असतात. त्यामुळे एकच नकाशा सेनापती बदलताच वेगळ्या पद्धतीने खेळावा लागतो.

कथानक

मुख्य मोहिमेत खेळाडू ऑरेंज स्टार या देशाच्या सैन्याचा सल्लागार असतो. सुरुवातीस शेजारच्या ब्लू मून या देशाशी व नंतर यलो कॉमेट आणि ग्रीन अर्थ यांच्याशी संघर्ष होतो. इतर देश अँडीवर अकारण आक्रमण केल्याचा आरोप करतात. प्रत्यक्षात ब्लॅक होल या सैन्याचा प्रमुख स्टर्म याने अँडीची प्रतिकृती तयार करून देशांमध्ये वैर पेटवलेले असते. हा कट उघड झाल्यावर सर्व देश एकत्र येऊन स्टर्मचा पराभव करतात. मोहिमेच्या काही टप्प्यांवर सेनापती निवडण्याची मुभा असते व त्या निवडीनुसार पुढील नकाशे बदलतात.

छोट्या पडद्यासाठी केलेली रचना

गेम बॉय ॲडव्हान्सचा पडदा २४० × १६० पिक्सेलचा होता आणि मूळ यंत्रात पडद्यास स्वतःचा प्रकाश नव्हता. खेळातील प्रत्येक घर १६ × १६ पिक्सेलचे असल्याने एका वेळी आडवी १५ व उभी १० घरे दिसतात. एवढ्या लहान चित्रात तुकडी चटकन ओळखू यावी यासाठी ठळक आकार व भडक रंग वापरण्यात आले. तुकडीची उरलेली शक्ती एका अंकाने दाखवली जाते आणि हल्ल्यापूर्वी अपेक्षित हानीची टक्केवारी पडद्यावर दिसते. प्रत्यक्ष हानीत दैवाचा थोडा भाग असला, तरी निर्णय घेण्यास आवश्यक असलेली बहुतेक माहिती खेळाडूसमोर असते.

नियमपुस्तिकेवर विसंबून न राहता नेल या पात्राच्या मार्गदर्शनाखालील १४ सराव मोहिमांमधून खेळ शिकवला जातो. प्रत्येक मोहिमेत एक-दोन नव्या बाबींची ओळख होते. लढाई मध्येच थांबवून जतन करता येत असल्याने प्रवासात तुकड्या-तुकड्यांनी खेळणे शक्य होते.

मोहिमेखेरीज सुट्या नकाशांवरील लढाया, स्वतः नकाशे तयार करण्याची सोय आणि चार जणांपर्यंत एकत्र खेळण्याचे प्रकार यांत आहेत. यंत्रे केबलने जोडून किंवा एकच यंत्र आळीपाळीने एकमेकांच्या हाती देऊन खेळता येते. मोहिमेच्या शेवटी वेग, शक्ती व तंत्र या तीन निकषांवर श्रेणी दिली जाते. त्यामुळे जिंकलेली लढाई कमी दिवसांत व कमी हानी सोसून पुन्हा जिंकण्यास उत्तेजन मिळते.

प्रकाशन

उत्तर अमेरिकेत खेळ विक्रीस आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ११ सप्टेंबर २००१ रोजी, अमेरिकेवर दहशतवादी हल्ले झाले. त्यानंतर युरोपातील प्रकाशन लांबणीवर टाकण्यात आले व खेळ तेथे जानेवारी २००२ मध्ये आला. जपानमधील नियोजित प्रकाशनही थांबवण्यात आले. मायदेशात हा खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळानंतर, त्याच्या उत्तरभागासह एकाच कार्ट्रिजवर प्रकाशित झाला.

दोन्ही खेळांची नवी आवृत्ती ‘ॲडव्हान्स वॉर्स १+२ : री-बूट कॅम्प’ या नावाने वेफॉरवर्ड या कंपनीने निन्टेन्डो स्विचसाठी तयार केली. तिचे प्रकाशन प्रथम डिसेंबर २०२१ मध्ये व नंतर एप्रिल २०२२ मध्ये व्हावयाचे होते. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर, मार्च महिन्यात निन्टेन्डोने जगातील ताज्या घडामोडींचे कारण देत प्रकाशन पुढे ढकलले. अखेर २१ एप्रिल २०२३ रोजी ही आवृत्ती विक्रीस आली. युक्रेनमधील युद्ध त्या वेळीही सुरूच होते.

युद्धाचे चित्रण

खेळात रक्त किंवा जखमा दाखवल्या जात नाहीत. तुकड्या निनावी असून त्या कारखान्यात पैसे मोजून तयार होतात आणि नष्ट होताच नकाशावरून नाहीशा होतात. शहरे ताब्यात घेतली जातात. मात्र त्यांतील नागरिक कोठेही दिसत नाहीत. सेनापती उत्साही व विनोदी असून पराभवानंतरही पुन्हा भेटतात. या अमूर्त रूपामुळे लक्ष डावपेचांवर केंद्रित राहते व खेळ बुद्धिबळाच्या जवळ जातो. परंतु बुद्धिबळातील प्यादी प्रतीकात्मक असतात, तर येथील रणगाडे व बाँबफेकी विमाने वर्तमानातील युद्धसाहित्याची चित्रे आहेत. एरवी निरुपद्रवी वाटणारे हे चित्रण प्रत्यक्ष हल्ल्यांच्या काळात अप्रस्तुत ठरू शकते, हे दोन वेळच्या प्रकाशन-स्थगितीतून दिसून आले.

२००८ मधील ‘ॲडव्हान्स वॉर्स : डेज ऑफ रुइन’ या खेळात मालिकेने हा सूर बदलला. त्याचे कथानक उल्कापातामुळे बहुसंख्य मानवजात नष्ट झालेल्या जगात घडते आणि त्यात वाचलेल्या नागरिकांच्या संरक्षणास स्थान आहे.

समकालीन खेळांशी तुलना

गेम बॉय ॲडव्हान्सवर डावपेचांचे इतरही अनेक खेळ प्रकाशित झाले. इंटेलिजंट सिस्टिम्सच्याच ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेत प्रत्येक योद्ध्यास नाव व पूर्वकथा असते आणि लढाईत मरण पावलेला योद्धा सामान्यतः परत येत नाही. त्यामुळे एका चुकीची किंमत पुढेही मोजावी लागते. ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स ॲडव्हान्स’ (२००३) मध्ये पात्रांची कौशल्ये व साधने दीर्घकाळ विकसित करण्यावर भर आहे. ॲडव्हान्स वॉर्समध्ये मात्र तुकड्या एका लढाईतून दुसऱ्या लढाईत जात नाहीत. प्रत्येक नकाशा स्वतंत्र कोडे असल्याने पूर्वीची चूक पुढे अडथळा ठरत नाही. त्यामुळे रणनीती खेळांची सवय नसलेल्या खेळाडूंना तो सोयीचा ठरतो. कथेतील पात्रांच्या वाढीत रस असणाऱ्यांना इतर दोन मालिका अधिक जवळच्या वाटू शकतात.

प्रतिसाद व वारसा

समीक्षकांनी खेळाचे मोठे स्वागत केले. सुलभ सुरुवात, डावपेचांची खोली व दीर्घकाळ पुरणारी सामग्री यांची विशेष प्रशंसा झाली. पाळीपाळीने खेळावयाच्या युद्धखेळांना जपानबाहेरही चाहते आहेत, हे या यशातून दिसले. तोवर केवळ जपानमध्ये मिळणारी फायर एम्ब्लेम मालिका २००३ मध्ये इंग्रजीत आली, त्यामागील कारणांत या यशाचाही समावेश केला जातो.

मालिकेतील हातातील कन्सोलवरील पुढील खेळ असे :

- ॲडव्हान्स वॉर्स २ : ब्लॅक होल रायझिंग (२००३, गेम बॉय ॲडव्हान्स)
- ॲडव्हान्स वॉर्स : ड्युअल स्ट्राइक (२००५, निन्टेन्डो डीएस)
- ॲडव्हान्स वॉर्स : डेज ऑफ रुइन (२००८, निन्टेन्डो डीएस, युरोपात ‘डार्क कॉन्फ्लिक्ट’ या नावाने)