बालक पालकांच्या स्वाधीन करणे, गोवा

शासनाच्या देखरेखीखालील बालगृहातले मूल आईवडिलांना परत देण्याविषयीचा निर्णय. पेडणे व डिचोली या तालुक्यांत दंडाधिकाऱ्यांची न्यायालये आहेत. मात्र हा निर्णय तिथे होत नाही, तो उत्तर गोव्याच्या बाल कल्याण समितीकडे जातो. या समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांत मूल समितीपुढे आणावे लागते. घरची सामाजिक चौकशी १५ दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत अपेक्षित असतो.

कलम ४० प्रमाणे मूल घरी पोचवणे हेच बालगृहाचे मुख्य उद्दिष्ट असून पालकांची योग्यता समिती ठरवते. संस्थेत ठेवणे हा कायद्याने शेवटचा उपाय आहे. म्हणून केवळ गरिबीपायी मूल अडकवून ठेवणे अन्यायाचे; मात्र मारहाण वा लैंगिक अत्याचाराची शंका असताना घाईने परत देणे त्याहून घातक.

पेडणे व डिचोली हे दोन्ही तालुके सिंधुदुर्गाला लागून आहेत, आणि डिचोलीच्या खाणपट्ट्यात परराज्यांतले मजूरही येत आले. घर राज्याबाहेर असल्यास कलम ९५ नुसार मुलाला त्याच्या जिल्ह्यातील समितीकडे पाठवता येते. मग घरची पाहणीही तिथलेच अधिकारी करू शकतात.

समितीच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते. गोव्यात असे न्यायालय २००३ च्या राज्य बालक कायद्यानेच आले. पुढे पुनरीक्षणाचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे. विभक्त पतिपत्नींमधील ताब्याचा वाद मात्र दिवाणी स्वरूपाचा असतो.