पाऊल बाळाचे, आधार घराचा

लहान मुलाने टाकलेले पहिले पाऊल हा प्रत्येक घरातील आनंदाचा प्रसंग असतो. परंतु ज्या घरात जन्मतःच पाऊल आत वळलेले बाळ येते, अथवा पोलिओच्या तापाने धावत्या मुलाचा पाय लुळा पडतो, त्या घराला या आनंदासाठी दीर्घकाळ वाट पाहावी लागते. अशा मुलांवरील शस्त्रक्रियांचा इतिहास वैद्यकाच्या ग्रंथांत सापडतो. त्यांना रोज उचलून नेणाऱ्या, व्यायाम करून घेणाऱ्या, पट्टे बांधणाऱ्या आईवडिलांचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. वास्तविक गेल्या पाऊणशे वर्षांतील प्रगतीत एक धागा स्पष्ट दिसतो. उपचाराचा मोठा वाटा हळूहळू रुग्णालयातून घराकडे आला आणि म्हणूनच घराला आधार देणे हा उपचाराचाच भाग ठरला.

पूर्वी अशा मुलाचा जन्म हा दैवाचा कोप मानला जाई. गरोदरपणी आईने ग्रहण पाळले नाही, ग्रहणात भाजी चिरली, म्हणून पाय वाकडा झाला, असा दोष तिच्या माथी मारला जाई. काही घरांतून हा समज आजही पूर्णतः गेलेला नाही. बाळाचे पाय दुपट्ट्यात झाकून ठेवावेत, पाहुण्यांची दृष्ट पडू देऊ नये, मुलगी असल्यास पुढे लग्न कसे जमेल या चिंतेने मौन पाळावे, अशा रीतीने उपचाराचा मोलाचा काळ निघून जाई.

हे मौन मोडणाऱ्यांत एका मातेचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. स्वातंत्र्य चळवळीतील कार्यकर्त्या फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला १९४०च्या दशकात पोलिओ झाला. मद्रासचे अस्थिशल्यविशारद डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे त्यांनी मुलीवर उपचार करविले. पुढे पुण्यात, जखमी सैनिकांसाठी चाललेल्या लष्करी उपचार केंद्रात व्यायामोपचाराची पद्धत त्यांनी जवळून अभ्यासली. जे आपल्या मुलीला लाभले ते इतर मुलांना का लाभू नये, या विचाराने त्यांनी १९४७ मध्ये मुंबईत डॉ. ए. व्ही. बाळिगा यांच्या सहकार्याने पोलिओग्रस्त मुलांसाठी चिकित्सालय सुरू केले. त्यातूनच हाजी अली येथील मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय उभे राहिले. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. एका आईची धडपड संस्थेत रूपांतरित झाली, हे या कार्याचे खरे महत्त्व.

दुसरा टप्पा जयपूरचा. तेथे मास्टर रामचंद्र शर्मा या कुशल कारागिराने व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस ‘जयपूर फूट’ घडविला. अनवाणी चालता यावे, मांडी घालून बसता यावे, शेतात वावरता यावे, हा भारतीय जीवनाचा विचार त्यामागे होता. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार लाभला. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात, १९७५ मध्ये, श्री. डी. आर. मेहता यांच्या पुढाकाराने ‘भगवान महावीर विकलांग सहायता समिती’ स्थापन झाली. रुग्णाला कृत्रिम पाय अथवा कॅलिपर विनामूल्य मिळावा, एवढ्यावरच समिती थांबली नाही. सोबत आलेल्या नातेवाइकाच्या निवासाची व भोजनाचीही तिने सोय केली. वाढत्या वयाच्या मुलाला असे साधन पुनःपुन्हा बदलून घ्यावे लागते. दर वेळी वडिलांची मजुरी बुडते, हे ओळखणारी करुणाच टिकाऊ ठरते.

तिसरा टप्पा आपल्या कृष्णाकाठचा. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारल्यापासून मिरज ही आरोग्यनगरी म्हणून ख्यातनाम आहे. येथील अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी इलिझारोव्ह पद्धती भारतात रुजविण्यात पुढाकार घेतला. सैबेरियातील कुर्गान येथे डॉ. इलिझारोव्ह यांनी शोधलेल्या या पद्धतीत पायाभोवती धातूची कडी बसवून हाड हळूहळू लांबविले जाते. दिवसाला साधारण एक मिलिमीटर, तेही चार भागांत. म्हणजे पाच सेंटिमीटरसाठी सुमारे पन्नास दिवस चावी फिरवावयाची आणि पुढे नवे हाड घट्ट होईपर्यंत कित्येक महिने धीर धरावयाचा. रोज तारांभोवतीची त्वचा स्वच्छ करणे, गुडघा आखडू न देणे, हे सारे घरच्यांनाच शिकावे लागते. शल्यविशारदाचे कौशल्य अशा रीतीने आईच्या हातांत सोपविले जाते.

आज पोलिओ भारतातून गेला आहे. १३ जानेवारी २०११ रोजी शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तसे प्रमाणित केले. मात्र जन्मजात वळलेले पाऊल, ज्याला क्लबफूट म्हणतात, ते हजारांतील सुमारे एका बाळात आढळतेच. अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांनी त्यावर मोठ्या शस्त्रक्रियेविना उपाय शोधला. दर आठवड्यास एक याप्रमाणे पाच-सहा प्लॅस्टर, बहुधा टाचेच्या शिरेवर छोटासा छेद, आणि त्यानंतर दांडीला जोडलेले विशेष बूट. हे बूट पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास आणि मग चार वर्षांच्या वयापर्यंत रात्री व झोपेत घालावयाचे असतात. वैद्यकविश्वाने ही पद्धत दीर्घकाळ दुर्लक्षिली. १९९०च्या दशकाच्या अखेरीस पालकांनीच एकमेकांना सांगून तिच्या प्रसाराला वेग दिला. पाऊल पुन्हा वळण्याचे प्रमुख कारण म्हणजे बूट घालणे सुटणे. बाळ रडते, पाय सरळ दिसू लागलेला असतो, ‘आता कशाला छळता लेकराला?’ असे वडीलधारे म्हणतात आणि बूट फडताळात जातात.

महाबळेश्वरच्या डोंगरातील घरांचा विचार करताना ही अडचण अधिक तीव्रतेने जाणवते. येथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि प्लॅस्टर तर कोरडे राहावे लागते. तापोळ्याच्या परिसरातील काही गावांना शिवसागर जलाशय लाँचने ओलांडावा लागतो. त्यानंतर घाट, एस.टी. आणि सातारा. स्ट्रॉबेरीच्या हंगामात आठवड्यातील एक दिवस गेला, की त्या दिवसाची मजुरी गेली. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूट व खुब्याचा जन्मजात दोष यांची तपासणी समाविष्ट झाली, ही मोठीच सोय होय. परंतु निदान विनामूल्य झाले, तरी प्रवास विनामूल्य होत नाही; आणि पहिल्या प्लॅस्टरइतकेच सहावे प्लॅस्टरही आवश्यक असते.

म्हणून दानशूर संस्थांसमोरील कार्य स्पष्ट आहे. शिबिरातील एका दिवसाच्या उत्साहापेक्षा चार वर्षांची सोबत अधिक मोलाची. प्रवासखर्च, रुग्णालयाजवळ एक खोली, पाय वाढल्यावर बुटांची पुढची जोडी, त्याच मार्गाने गेलेल्या दुसऱ्या आईशी भेट, आणि ‘यात तुमचा काही दोष नाही’ हे ठामपणे सांगणारा एक माणूस, इतके लाभले तरी कितीतरी घरे टिकून राहतील. धावणाऱ्या मुलाकडे पाहणाऱ्यांना त्याच्या जुन्या प्लॅस्टरची आठवणही राहत नाही. त्या विस्मरणातच या सेवेची सार्थकता आहे.