पाझराचं कूळ

बारामती तालुक्यातल्या लोणी भापकरला लोक जातात ते दत्तमंदिराजवळची दगडी पुष्करणी, तिथला नक्षीदार मंडप आणि अंगभर विष्णूच्या मूर्ती कोरलेला यज्ञवराह पाहायला. कोरीवकाम डोळे भरून पाहावं असंच आहे. पण पायऱ्यांवर बसलं की माझी नजर दगडांच्या सांध्यांकडे जाते. चुना न घालता दगडावर दगड बसवायची जुनी रीत, जिला आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो, ती देवळात जितकी शोभते तितकीच विहिरी-बारवांच्या कामात उपयोगी पडते. चुन्याशिवाय रचलेली भिंत माती अडवते, पाणी अडवत नाही. आजूबाजूच्या मुरमात मुरलेलं पाणी सांध्यांतून आत झिरपतं.

ज्या वस्तूचा मागोवा इथे घ्यायचा आहे तिचं नाव सच्छिद्र काँक्रीट. वरून पाणी ओतलं की ते न साचता, न वाहता आरपार खाली जातं. देशोदेशीच्या विद्यापीठांत गेली वीस-पंचवीस वर्षं त्यावर प्रबंध लिहिले जात आहेत. पुष्करणी बांधणारे गवंडी हे काँक्रीटचे पूर्वज होते असा दावा मला करायचा नाही. पाणी अडवणं आणि पाणी वाट देऊन जिरवणं या दोन वेगळ्या विद्या आहेत, आणि दुसरी आपल्याकडे जुनी आहे, एवढंच मला म्हणायचं आहे.

साध्या काँक्रीटमध्ये खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी असतं. खडीच्या फटी वाळू भरते, वाळूच्या फटी सिमेंट भरतं. सच्छिद्र काँक्रीटमधून वाळू जवळजवळ काढूनच टाकतात. एकाच मापाची बारीक खडी घ्यायची आणि तिला सिमेंटच्या दाट लगद्याचा पातळ लेप द्यायचा. जत्रेतला चुरमुऱ्याचा लाडू आठवा. गुळाचा पाक चुरमुऱ्यांना फक्त एकमेकांना चिकटवतो, मधली हवा तशीच राहते. पाक पातळ झाला तर तळाशी उतरतो, कोरडा राहिला तर लाडू फुटतो. इथेही तसंच आहे. पाणी जास्त झालं की लगदा खाली उतरून तळाची छिद्रं बुजवतो, कमी पडलं की खडी सुटते. कामावरची माणसं मूठभर मिश्रण हातात घेऊन गोळा वळून बघतात. गोळा टिकला आणि त्यावर ओलसर चकाकी दिसली की मिश्रण जमलं. अशा काँक्रीटमध्ये साधारण १५ ते ३५ टक्के जागा मोकळी असते. एका चौरस मीटरमधून मिनिटाला शंभराहून अधिक लिटर पाणी सहज खाली जातं.

आपल्या बांधकामावर फळ्या सोडवल्यानंतर भिंतीत उघडी खडी दिसली तर इंजिनिअर रागावतो. त्याला हनीकोंबिंग म्हणतात आणि तो भाग फोडून पुन्हा भरायला लावतात. जो दोष म्हणून फोडला जातो, तोच इथे मुद्दाम घडवायचा असतो.

हे काँक्रीट जन्मलं ते रस्त्यासाठी नाही. १८५२ मध्ये ब्रिटनमध्ये त्याची घरं बांधल्याची नोंद सापडते. पुढे बराच काळ त्याचं नाव फारसं ऐकू येत नाही. १९२३ मध्ये एडिंबरोत बिनवाळूच्या काँक्रीटची ५० दुमजली घरं उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये घरांची गरज अफाट आणि विटा, गवंडी दोन्ही दुर्मीळ. तेव्हा विंपी कंपनीने याच पद्धतीने लाखोंच्या संख्येने घरं बांधली. सिमेंट कमी लागायचं, वजन कमी, आणि ओल्या मिश्रणाचा फळ्यांवर दाबही कमी पडायचा. शिवाय मोठ्या छिद्रांतून ओल वर चढत नाही, कारण ओल चढायला केसासारख्या बारीक वाटा लागतात. म्हणजे घराच्या भिंतीत ही छिद्रं ओल रोखण्यासाठी होती. तीच छिद्रं आडवी टाकून वरून पाऊस पाडला तेव्हा ती पाणी जिरवू लागली. वस्तू तीच राहिली, काम उलटं झालं. या सगळ्या वंशावळीत मला हा वळसा सर्वांत मोलाचा वाटतो.

भारतीय मानक संस्थेने १९८९ मध्ये बिनवाळूच्या काँक्रीटसाठी आयएस १२७२७ ही संहिता काढली. तीही जागेवर ओतायच्या अशा काँक्रीटची, म्हणजे ब्रिटिश घरांच्याच वाटेवरची.

रस्त्याकडे वळायला अमेरिकेतलं फ्लोरिडा राज्य कारण ठरलं. तिथला पाऊस धो-धो, जमीन वाळूची आणि वाहनतळ अवाढव्य. १९७० च्या दशकापासून तिथे पावसाचं पाणी जागीच मुरवण्यासाठी असे तळ टाकले जाऊ लागले. २००६ मध्ये अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या ५२२ क्रमांकाच्या समितीने यावर सविस्तर अहवाल दिला. २००९ मध्ये पाणी किती वेगाने मुरतं ते जागेवर मोजायची प्रमाण चाचणी ठरली: ३०० मिलिमीटर व्यासाचं कडं, १८ किलो पाणी आणि घड्याळ. आपल्याकडे आयआयटी खरगपूरच्या अनुष चंद्रप्पा आणि कृष्ण प्रपूर्ण बिलिगिरी यांनी २०१६ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला आणि बिलिगिरींनी पुढे हे काम आयआयटी तिरुपतीत चालू ठेवलं.

आता पुन्हा लोणीकडे. हा तालुक्याचा जिरायती पट्टा, पर्जन्यछायेतला. नीरा डाव्या कालव्याखालची उसाची बारामती वेगळी, ही वेगळी. सह्याद्रीच्या माथ्यावर जितका पाऊस काही दिवसांत पडतो तितका इथे वर्षाला मिळाला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्याने दुष्काळ जाहीर केलेल्या तालुक्यांत बारामती होता. अकरा महिन्यांनी, सप्टेंबर २०१९ च्या शेवटी, त्याच तालुक्यात कऱ्हेला पूर आला आणि बारामती शहरातल्या नदीकाठच्या वस्त्या हलवाव्या लागल्या. आमच्याकडे पाऊस कमी पडतो हे खरं, पण पडतो तो जमिनीत थांबत नाही हे त्याहून खरं.

पाऊस थांबवायची एक युक्ती याच पट्ट्याने पूर्वी केली आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे इथे पाझर तलाव खोदले गेले. 'कासा' या ख्रिस्ती मदतसंस्थेकडून आलेलं धान्य मजुरी म्हणून वाटलं गेलं. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या बारामतीच्या कृषी विकास प्रतिष्ठानची मुळंही याच कामात आहेत. धरण गळलं तर अभियंत्याची नोकरी जाते. पाझर तलाव गळला नाही तर तो फसला. त्याच्या खालच्या विहिरींना पाणी आलं की लोक म्हणायचे, तलाव चांगला पाझरतोय. सच्छिद्र काँक्रीट म्हणजे माझ्या लेखी अंगणाएवढा पाझर तलाव.

हिशेब करून बघा. १५० मिलिमीटर जाडीच्या थरात २० टक्के जागा मोकळी असेल तर ३० मिलिमीटर पाऊस नुसत्या त्या थरात मावतो. त्याखाली ३०० मिलिमीटर मोठ्या खडीचा थर दिला आणि त्यात ४० टक्के पोकळी धरली तर आणखी १२० मिलिमीटर. हजार चौरस मीटरच्या पटांगणावर २५ मिलिमीटरची एक सर म्हणजे २५ हजार लिटर पाणी. मोठ्या टँकरच्या दोन-अडीच खेपांचं हे पाणी आज देवळापुढच्या फरशीवरून, शाळेच्या काँक्रीटवरून आणि गल्लीच्या गटारातून निघून जातं. गेल्या वीस वर्षांत गावोगाव निधी आला आणि मोकळी जमीन झाकली गेली. चिखल गेला हे चांगलंच झालं. पण चिखलाबरोबर मुरणंही गेलं.

या काँक्रीटच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. उसाच्या भरलेल्या ट्रॉलीखाली ते टिकणार नाही. त्याची ताकद नेहमीच्या रस्त्याच्या काँक्रीटहून कमी असते. काळ्या जमिनीवर ते थेट टाकू नये. काळी माती फुगते आणि पाणीही पटकन घेत नाही. तिथे खाली खडीचा थर आणि जादा पाण्याला नळी हवी. मुरमाड जागा उत्तम. सर्वांत मोठा शत्रू धूळ. उन्हाळ्याच्या वावटळीत छिद्रं बुजतात, म्हणून वर्षातून एक-दोनदा दाबाच्या पाण्याने किंवा ओढून घेणाऱ्या यंत्राने ती मोकळी करावी लागतात. टाकल्या टाकल्या प्लास्टिकने झाकून सात दिवस ओल टिकवली नाही, तर चैत्रातलं ऊन त्याचा भुगा करील. आणि जुन्या देवळाच्या जोत्यालगत, पुष्करणीच्या भिंतीलगत ते टाकायचंच नाही. तिथे पाणी कुठे न्यायचं ते आधीच्या गवंड्यांनी ठरवून ठेवलं आहे.

म्हणून माझी विनंती दोघांना आहे. बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या स्थापत्याच्या विद्यार्थ्यांनो, प्रकल्पासाठी विषय शोधत असाल तर परदेशी खडीचे आकडे उतरवू नका. आपल्या खाणीची काळी बेसाल्ट खडी घ्या, आपली धूळ घ्या, आपला मुरूम घ्या, आणि दोन पावसाळे मोजा. लोणी भापकरच्या आणि आसपासच्या ग्रामपंचायतींनी त्यांना शाळेच्या आवारातली १० बाय १० मीटरची जागा द्यावी. कडं, बादली आणि घड्याळ शाळेतली मुलंसुद्धा सांभाळतील.