रोआनोक बेटावरील नाट्यप्रयोग

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात, रोआनोक बेटावर, इतिहास उघड्या आकाशाखाली बोलतो. १५८७ साली सुमारे ११५ इंग्रज स्त्रीपुरुष व मुले तेथे उतरली. १८ ऑगस्ट रोजी व्हर्जिनिया डेअर ही बालिका जन्मली. त्याच महिन्यात तिचा बाप्तिस्मा झाला. मदत आणावयास गेलेले तिचे आजोबा जॉन व्हाइट १५९० साली परतले, तो वसाहत ओस! खांबावर ‘क्रोएटोअन’ एवढाच शब्द कोरलेला होता.

पॉल ग्रीन यांचे ‘द लॉस्ट कॉलनी’ हे नाटक १९३७ सालापासून उन्हाळ्यात त्याच बेटावर होत आले आहे. २०२१ साली मूलनिवासी जनांच्या भूमिका मूलनिवासी नटांकडे सोपविण्यात आल्या.

ज्यांची थडगीही ठाऊक नाहीत त्यांचे स्मरण ती भूमी राखते. मग बाप्तिस्म्याच्या वहीत ज्यांची नावे आहेत त्या आमच्या पूर्वजांस आम्ही का विसरावे?